हात चौथा येतो

सहा भेटी, सहा सह्या. त्या बदल्यात कारखान्यातल्या घणाच्या हँडलवाल्याला परत मिळणार होती बायको आणि सात वर्षांची मुलगी. हा सौदा ठरवला त्याच्या मेहुण्याने. मेहुणा त्याच कारखान्यात मुकादम, आणि स्वतःच्या पदरात काही पडल्याशिवाय तो कुणाचं भलं करत नसे. इथे त्याच्या पदरात पडणार होती त्याची स्वतःचीच पुढची खोली. बहीण आणि भाची दोन महिने तिथे राहत होत्या, आणि त्यामुळे त्याला सुट्टीच्या दिवशी उघड्या अंगाने पंख्याखाली लोळता येत नव्हतं.

बहीण माहेरपणाला आली नव्हती. तिच्या गळ्याखालचं हाड मोडलं होतं, आणि ते नवऱ्याने मोडलं होतं. भांडणही नव्हतं. ती ओट्यापाशी उभी राहून इतकंच म्हणाली होती, "झालं ते झालं. सोडून द्या ना आता." त्यावर त्याचा उजवा हात वर गेला आणि उभाच्या उभा खाली आला. हाड मोडल्याचा आवाज दारातल्या मुलीनेसुद्धा ऐकला.

तशी बेरीज मोठी होती. कारखान्यातल्या एका अपघातानंतरच्या पाच महिन्यांत त्याने एक कपाट, दोन खुर्च्या, शेजाऱ्याच्या स्कूटरचा आरसा आणि एका न्हाव्याचं नाक फोडलं होतं. न्हावी फक्त म्हणाला होता, "मान सैल सोडा."

"दाजी, तुमचं डोकं फिरलंय," मुकादम म्हणाला. "एक बाई आहे. श्वासबिश्वास घ्यायला लावते, अंगातली भीती काढते म्हणे. सहा वेळा जा, प्रत्येक वेळी सही आणा. मग बहिणीला पाठवतो."

"आणि नाही गेलो तर?"

"तर राहा एकटे. भांडी फोडायला मोकळे."

बाईंची खोली टायरच्या दुकानावर होती. जिना चढताना रबराचा वास नाकात भरायचा. बाई ठेंगणी, पन्नाशीची, पायात विणलेले मोजे.

"बसा."

"बसायला नाही आलो. सही घ्यायला आलोय."

"सही शेवटी. आधी पाय."

"पाय कशाला? बिघाड डोक्यात आहे."

"डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. तळपाय जमिनीला टेकलेत का, ते सांगा."

"मग काय हवेत आहेत?"

"मला दिसतंय. तुम्हाला जाणवतंय का, ते विचारतेय."

तो बसला. जमीन गार होती, हे त्याने कबूल केलं. उजवा खांदा डाव्यापेक्षा वर आहे, हेही. बाईंना वाटलं, गडी ऐकतोय. त्या म्हणाल्या, "छान. आता श्वास सावकाश सोडा."

टेबल मधोमध चिरलं. बाईंचा कप उडून भिंतीवर फुटला आणि त्याची एक कपची त्यांच्या भुवईत घुसली. हँडलवाला स्वतःच्या मुठीकडे अशा नजरेने बघत होता, जणू ती कुणी दुसऱ्याने तिथे ठेवून दिली होती.

बाईंनी भुवईवर कापूस दाबला, उठून दार सताड उघडलं आणि दारापाशीच उभ्या राहिल्या.

"कोणत्या शब्दाला झालं हे?"

"शब्दाला नाही. असंच होतं."

"असंच होत असतं तर जिन्यातही झालं असतं. मी काय म्हणाले होते?"

त्याने तो शब्द उच्चारला नाही. कागद पुढे करून म्हणाला, "सही?"

बाईंनी कागद घेतला. सहीच्या शेजारी लिहिलं, "पहिली भेट. टेबल."

दुसऱ्या भेटीला खोलीत टेबल नव्हतं. दोघांच्या मध्ये पाच पावलं जागा होती आणि भिंतीला जुनी गादी उभी केलेली होती. त्या दिवशी तो बोलला.

कारखान्यात घण होता, एका मजल्याइतका उंच. वरून मणामणाचं लोखंड पडायचं आणि खालच्या लालभडक तुकड्याला आकार द्यायचं. तुकडा चिमट्यात धरून ऐरणीवर ठेवायचा चिमटेवाला. तो ओरडायचा, "सोड." की हँडलवाला हँडल खाली ओढायचा आणि घण पडायचा. दिवसाला हजारदा, अकरा वर्षं. पूर्वी त्या कामाला घंटा होती. ती बंद पडल्यावर मुकादम म्हणाला, एवढे मोठे गळे दिलेत, ते काय जेवायलाच?

"त्या दिवशी तुकडा निसटला," हँडलवाला म्हणाला. "त्याने हात घातला सरळ करायला. आणि ओरडला. मला वाचवायला सांगत होता तो, बाई. म्हणाला, सोडू नको."

बाई त्याच्या उजव्या हाताकडे बघत होत्या.

"'नको' मागून येतं ना. तोवर हात खाली आला होता." त्याने उजवा तळवा मांडीवर पालथा ठेवला. "मनगटापासून पुढे काही उरलं नव्हतं. हातमोजा आणि हात वेगळा करता येईना. तो ओरडलाच नाही लगेच. माझ्याकडे बघत राहिला, काहीतरी विचारायचं राहिल्यासारखा. मी हँडल वर ढकलत होतो. ते वर जाईना. घण त्याच्या हातावर तसाच बसून होता. चार माणसं आली तेव्हा उचलला."

"वर ढकलत होतात?"

"हो."

"मग ते ढकलणं राहिलंय तुमच्या हातात," बाई म्हणाल्या. "अर्धं. ते पुरं करू."

त्याला ही गोष्ट वेडगळ वाटली, आणि बाहेरून बघणाऱ्यालाही वाटली असती. तिसऱ्या आणि चौथ्या भेटीत त्याने दुसरं काही केलं नाही. गादीवर तळवा टेकवायचा आणि मुंगीच्या पावलाने वर सरकवायचा. खालून खांद्यापर्यंत यायला पाच मिनिटं. मध्ये कुठेही घाई झाली की बाई थांबवायच्या. खोलीतल्या वस्तू मोठ्याने मोजायला लावायच्या: खिडकी, बादली, मोज्याची जोडी. मग पुन्हा तळवा. तिसऱ्या भेटीत त्याचे दात वाजायला लागले. चौथ्या भेटीत तो बादलीत ओकला. ओकून झाल्यावर लहान पोरासारखा रडला आणि लगेच म्हणाला, "हे कागदावर लिहू नका."

"बादली लिहिते."

तो शब्द बाईंनी पुन्हा कधी उच्चारला नाही. श्वास बाहेर टाकायचा असला की त्या स्वतःच चहा गार करतात तशी लांब फुंकर मारायच्या, आणि तो त्यांच्या मागोमाग मारायचा.

पाचव्या भेटीत त्याला एक गोष्ट सापडली. अकरा वर्षं यंत्राचे आवाज ओळखणाऱ्या माणसालाच ती सापडावी. हात एकदम उठत नव्हता. आधी जीभ टाळूला चिकटायची. मग उजवा कान बंद व्हायचा. मग खांदा वर जायचा. आणि मग हात.

"म्हणजे हात चौथा येतो," बाई म्हणाल्या. "आजवर तुम्ही त्या चौथ्यालाच आवरायला बघत होता. पहिल्याला ओळखा. जीभ चिकटली की पाय."

"एवढ्याने जमेल?"

"कधी जमेल, कधी नाही. मी पाटी लावलेली नाही खात्रीची."

पाच कागद खिशात घालून तो त्या दिवशी दुपारी थेट मुकादमाच्या घरी गेला. हिशेब पूर्ण झाला नव्हता, एक सही बाकी होती. पण माणसाला बाकी थोडी उरली की घाई सुटते.

मुकादमाच्या घरापुढे पाच पायऱ्या आणि लोखंडी कठडा. त्या पायऱ्यांवर चिमटेवाला बसला होता. उजवी बाही कोपराखाली दुमडून टाचणीने अडकवलेली. डाव्या हातात कारखान्यातला लांब चिमटा.

"ये," तो म्हणाला. "तुझीच वाट बघत होतो. तुझा सौदा कळलाय सगळ्या कारखान्याला. सह्या किती झाल्या?"

"पाच."

"तुला घाबरल्यासारखं होतं म्हणून बाई. माझा हात गेला, मला काय मिळालं माहितेय? बिस्किटाचे दोन पुडे. तेसुद्धा ह्या मुकादमाने स्वतःच बसून खाल्ले, माझ्या खाटेवर."

मुकादम दारात आला. "चिमटेवाले, उगाच तमाशा नको. घरी जा."

चिमटेवाला उठला, आणि पुढचं बोलणं चिमट्याने केलं. पहिला घाव हँडलवाल्याच्या कानशिलावर बसला. तो पायऱ्यांपाशी कोसळला आणि तोंड फुटलं. दुसरा त्याच्या पाठीत, तिसरा गुडघ्यावर. डावा हात नवशिका होता, पण त्यामागे पाच महिने होते. चौथ्या घावाला हँडलवाल्याने चिमटा धरला, हिसडला आणि चिमटेवाल्याला गळ्याला धरून कठड्यावर दाबला. उजवी मूठ वर गेली.

आता मुकादम धावला. त्याचा 'दाजी' आणि 'तुम्ही' दोन्ही पायरीवर गळून पडले. "सोड," तो ओरडला. "सोड त्याला."

मूठ खाली आली. चिमटेवाल्याचा ओठ फाटला.

बायको दारात आली होती, गळ्यात अजून पट्टा. "अहो, सोडा," ती म्हणाली.

मूठ खाली आली. दात पडले, दोन. त्यातला एक पायरीवर टिचकी मारल्यासारखा उडाला.

"अरे सोड म्हणतोय ना," मुकादम त्याच्या कमरेला लोंबकळत किंचाळला, आणि मूठ तिसऱ्यांदा खाली आली. चिमटेवाल्याचं डोकं कठड्यावर आपटलं. ज्यांना आपण वाचवतोय असं वाटत होतं, तेच घण पाडत होते, आणि ते ओरडणाऱ्यांना कळत नव्हतं.

मूठ पुन्हा वर गेली. वर गेली तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली त्याला कळली. रक्ताने तोंड भरलं होतं, तरी कळली. मग कान बंद झाला, तोही कळला. त्याने पाय शोधले. एक चप्पल निसटली होती, एका तळव्याखाली खडे होते. त्या खड्यांवर त्याने सगळा भार टाकला. मुकादम ओरडतच होता. मूठ हवेतच राहिली, आणि त्याने तोंडातल्या रक्तासकट एक लांब फुंकर मारली. चिमटेवाल्याच्या शर्टावर लाल ठिपके उडाले. डाव्या हाताची बोटं त्याच्या गळ्यावरून एकेक करून उलगडली आणि उजवा हात कठड्यावर टेकला.

चिमटेवाल्याने आधी श्वास घेतला. मग खाली पडलेला चिमटा उचलला आणि हँडलवाल्याचा उजवा हात कठड्यावर होता, तिथेच त्यावर हाणला. एकदा. मनगटाच्या वरचं हाड मोडलं. आवाज सगळ्यांनी ऐकला.

हँडलवाला खाली बसला. हात उचलला नाही, शिवी दिली नाही. चिमटेवाला त्याच्याकडे बराच वेळ बघत होता. मग त्याच्याच शेजारच्या पायरीवर बसला आणि बाहीने ओठ पुसू लागला.

"अजून मारशील?" हँडलवाल्याने विचारलं.

"नाही. डाव्याने दमायला होतं."

बायको पायऱ्या उतरून आली. तीन पायऱ्या वरच थांबली.

"तीन वेळा पडला," ती म्हणाली.

"हो."

"चौथ्यांदा नाही पडला. ते पण बघितलं मी."

त्याने डाव्या हाताने खिशातले पाच कागद काढून पुढे धरले. ओले होते, एका कोपऱ्याला लाल. तिने घेतले नाहीत.

"मी येत नाही," ती म्हणाली. "सहावी सही झाली तरी नाही. तुम्ही समोर आलात की माझं हे हाड अजून उडतं. कागदाने नाही थांबत ते."

मुकादमाच्या डोळ्यांपुढून पुढची खोली निसटली. "अगं, सौदा ठरलाय," तो तिच्या पायरीवर चढून म्हणाला. तिने न बघताच त्याच्या तोंडावर हात ठेवला. ती नवऱ्याचा उजवा खांदा बघत होती.

खांदा वर गेला. मोडलेल्या हातासकट गेला, आणि वेदनेने नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. तिचा हात पट्ट्याकडे गेला, पण ती मागे सरली नाही. त्याने डोळे मिटले. पाय खड्यांवर घासले. फुंकर मारली, मग अजून एक. खांदा उतरायला वेळ लागला, आणि तो उतरेपर्यंत ती थांबली.

"बरं," तो म्हणाला. "नको येऊस."

"बाई बायकांना घेतात?"

"घेतात."

"मग मी जाईन. माझी मी. आणि पोरीला रविवारी दोन तास आणेन, तिथल्याच खोलीत. बाई समोर असतील."

"टेबल नाही तिथे आता."

"ऐकलंय," ती म्हणाली.

तर कुणी काय भरलं ते असं. चिमटेवाल्याचा हात आधीच गेला होता, त्यात दोन दातांची भर. हँडलवाल्याचं एक हाड गेलं, घर गेलं, आणि पुन्हा हँडलला बसायची हौस त्याने स्वतःहून टाकली. बायकोने गळ्याखालचं हाड दिलं होतंच, आता वर एक सौदा मोडला आणि भावाची नाराजी घेतली. बाईंनी एक टेबल, एक कप आणि भुवईतला एक टाका. मुलीने ओट्यापाशी जे ऐकलं, त्याची किंमत अजून कुणाला काढता आलेली नाही. मुकादमाचं झटापटीत शर्टाचं एक बटण तुटलं. ते त्याला दुसऱ्या पायरीवर सापडलं.