व्हर्जन दोनचे भाऊसो

राजारामपुरीतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ‘अमरभाऊ सिस्टिम्स’चं ऑफिस होतं. दूध संस्था, काजूचे कारखाने आणि बाजारातली अडत दुकानं, अशा तिघांसाठी कंपनी तीन सॉफ्टवेअर बनवायची. अनुजा तिथं त्यांची माहिती लिहायची. कुठलं बटण दाबल्यावर काय होतं, पावती छापली नाही तर काय बघायचं, चुकून भलतीच नोंद झाली तर ती मागं कशी घ्यायची, हे सगळं गिऱ्हाइकाला समजेल अशा मराठीत मांडायचं, हे तिचं काम. पेठ वडगावहून ती रोज एसटीनं यायची.

त्या वर्षी मालक अमरसिंह सरांनी तिच्यावर मोठं काम सोपवलं. तोवर माहितीचा नुसता पसारा होता. दुधाची पुस्तिका वेगळी, अडतीची वेगळी, काजूची तर कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर. त्यात प्रत्येक सॉफ्टवेअरची वेगवेगळी व्हर्जनं. पाचव्या व्हर्जनवाला चौथ्याचं पान वाचून घोळ घालायचा आणि सपोर्टच्या प्रीतीला फोनवर शिव्या खाव्या लागायच्या. सर म्हणाले, “सगळं एका जागी आण. एकच पोर्टल. आल्या माणसानं आपलं सॉफ्टवेअर निवडायचं, व्हर्जन निवडायचं आणि फक्त त्याच्या कामाचंच पान त्याला दिसलं पाहिजे.”

अनुजानं जीव ओतून काम केलं. पोर्टल बरंच उभं राहिल्यावर थोड्या गिऱ्हाइकांना ते वापरून बघायला दिलं. लोक काय शोधतात आणि काय सापडत नाही, हे तिला तिच्या जागेवर दिसायचं. आजऱ्याहून पुन्हा पुन्हा एकच शोध येत होता, ‘साठा उणे दाखवतो’. त्याचं पान तर तिनं स्वतः लिहिलं होतं. तरी तीच माणसं पुन्हा येऊन तेच शोधत होती. न राहवून तिनं त्यातल्या एकीला फोन लावला. आजऱ्यात काजूचा छोटा कारखाना चालवणाऱ्या तानाबाई.

“तुम्हाला पोर्टलवर उत्तर मिळालं का?” अनुजानं विचारलं.

“कुठलं मिळतंय! तुझ्या पानावर लिवलंय, काजू वाळून वजन उतरतंय त्येचं ‘वाळवणीची घट’ म्हणून बटण हाय ते दाबा. आमच्याकडं तसलं बटणच न्हाय. सगळा पडदा हुडकला की.”

“तुमचं व्हर्जन कुठलं आहे?”

“दोन.”

अनुजा चाट पडली. काजूच्या सॉफ्टवेअरचं पाचवं व्हर्जन निघालं होतं. दोन नंबर तिनं नुसता ऐकला होता, कधी बघितलाही नव्हता. “मग अडल्यावर काय करता तुम्ही?”

“काय करतोय? भाऊसोंना फोन लावतोय. ते सांगत्यात, आमी करतोय.”

“कोण भाऊसो?”

“कोण म्हंजे? तुमच्या कंपनीचं भाऊसो की! त्येंच्या जिवावर तर आख्ख्या आजऱ्याचं काजू चाललंय.”

कंपनीत भाऊसो नावाचं कुणी नव्हतं. अनुजानं फोन ठेवला आणि प्रीतीला गाठलं. प्रीती कंपनीत सगळ्यात जुनी. ती आधी हसली, मग गंभीर झाली.

“कंपनीच्या नावात ‘भाऊ’ कोण वाटला तुला? सगळ्यांना वाटतं, अमरसिंह सरांनाच लोक अमरभाऊ म्हणतात. तसं नाही. अमर आणि भाऊ. दोघांनी मिळून एका खोलीत सुरुवात केली होती.”

मग प्रीतीनं सगळं सांगितलं. आजऱ्यातल्या कारखान्यांत दुसरं व्हर्जन बसवलं ते भाऊसोंनी. एकेका कारखान्यात मुक्काम ठोकून, बायामाणसांना शेजारी बसवून त्यांनी ते शिकवलं होतं. तुमची मशीन चालते तोवर मी आहे, असा शब्द दिला होता. पुढं अमरसिंहांनी जुन्या व्हर्जनचा सपोर्ट बंद करायचं ठरवलं. दोघांचं कडाक्याचं वाजलं. “मी शब्द दिलाय,” हे भाऊसोंचं एकच पालुपद. “शब्दावर कंपनी चालत नाही,” असं अमरसिंह बोलून गेले. भाऊसोंनी ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि कोडोलीला आपल्या गावी निघून गेले. ऊस आणि म्हशी बघतात म्हणे. दोघं पुन्हा बोलले नाहीत. पाटीवरचं नाव मात्र बदलायला कुणी धजलं नाही.

अनुजा दुसऱ्या दिवशी सरांकडं गेली. भाऊसोंचं नाव न काढता तिनं विचारलं, “सर, काजूचं दुसरं व्हर्जनही पोर्टलवर घेऊ या का? आजऱ्यात बऱ्याच ठिकाणी अजून तेच चालतंय.”

“अजिबात नाही,” सर म्हणाले. “जुन्याची मदत मिळाली तर नवं घेईल कोण? आणि लिहिणार काय त्यात? त्यातलं माहीत असणारं कुणी नाही आता इथं.”

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी नजर फिरवली, हे अनुजाच्या ध्यानात आलं.

रविवारी ती कोडोलीला गेली. भाऊसोंचं घर गावाबाहेर मळ्यात होतं. भाऊसो उंच, हाडापेरानं मजबूत, पण आवाज खरखरीत, फाटलेला. अनुजानं कंपनीचं नाव सांगितलं तसा त्यांचा चेहरा आवळला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कुणी कारखानदार होता.

“आधी घट हातानं टाक,” भाऊसो घसा खाकरत सांगू लागले, “मग दिवसाची खरेदी बंद कर. तू उलटं केलंयस. म्हणून साठा उणं दावतोय. न्हाय, न्हाय, पैलं ते रद्द कर. हां. आता बघ.”

फोन ठेवून ते अनुजाकडं वळले. “तू काय मागाय आलीयास ते कळलं मला. पर तुझ्या सायबाच्या कामाला एक अक्षर सांगायचा न्हाय मी. ज्याला लागतंय त्याला फोनवर सांगतोय.”

“आणि बुधवारपास्नं कोण सांगणार?” आतून आवाज आला. त्यांच्या पत्नी वर्षाराणी चहा घेऊन बाहेर आल्या. “सांगा की तिला! पोरी, बुधवारी ऑपरेशन हाय यांचं. घशात गाठ हाय. साधीच हाय म्हणलाय डॉक्टर. पर काढल्यावर आठवडाभर चकार शब्द काढायचा न्हाय. पुढं महिनाभर मोजकंच. आणि हिकडं काजूची खरेदी सुरू झालीया. जेवताना फोन, निजताना फोन. मी सांगून थकलो, फोन बंद ठेवा म्हणून.”

भाऊसो कपातल्या चहाकडं बघत राहिले. इतका मोठा माणूस, पण शाळेत धडा न आलेल्या पोरासारखा बसला होता. तिला त्यांच्याबद्दल माया वाटली.

“काका, सरांसाठी सांगू नका,” ती म्हणाली. “तानाबाईंसाठी सांगा. तुमचा फोन मी उचलते. आठवडाभर रजा टाकते.”

भाऊसोंनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “लोकं ओरडत्यात बरं का. सोसंल तुला?”

“वडगावच्या बाजारात वाढलेय मी, काका.”

ते पहिल्यांदा हसले.

ऑपरेशन नीट झालं. ते घरी आले त्या दिवसापासून अनुजा रोज मळ्यावर जाऊ लागली. घराच्या पुढच्या सोप्यात एका बाजूला भाऊसोंचा जुना कॉम्प्युटर होता आणि त्यावर दुसरं व्हर्जन अजून चालत होतं. फोन स्पीकरवर टाकायचा, समोरच्याचं ऐकायचं. भाऊसो पडद्यावर बोट ठेवून दाखवायचे, नाहीतर मोबाइलवर टाइप करून तिच्यापुढं धरायचे आणि अनुजा ते बोलून सांगायची.

“भाऊसो ऐकत्यात न्हवं?” कुणी विचारायचं. भाऊसो फोनकडं बघून जोरजोरात मान हलवायचे.

“मान हलवली त्यांनी,” अनुजा सांगायची आणि पलीकडं हशा पिकायचा.

सगळेच हसणारे नव्हते. एकानं तिला चांगलंच झापलं. “तुला काय कळतंय गं? फोन दे त्येंच्याकडं!” त्यांना बोलता येत नाही, हे दोनदा सांगूनही तो ऐकेना. अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊसोंनी घाईघाईनं टाइप केलं, ‘रागावू नको. दारात ट्रक उभा असणार त्याच्या. पावती निघंना, म्हणून वरडतोय.’ तिनं डोळे पुसले आणि त्या माणसाला विचारलं, “ट्रक थांबलाय का तुमचा?” तो एकदम नरमला. पावती निघाल्यावर त्यानं तिचं नावही विचारून घेतलं.

फोन नसायचा तेव्हा ती पानं लिहायची. लिहिलेलं पान भाऊसो वाचायचे, तसंच्या तसं कॉम्प्युटरवर करून बघायचे आणि अडलं तिथं बोट ठेवायचे. कधी ते चुकलेले निघायचे, कधी ती. वर्षाराणी मधनंच डोकावायच्या. “आगं जेव तरी आधी,” म्हणून ताट पुढं करायच्या. नवरा इतका गप्प आपण लग्नापासनं बघितला न्हाय, असं म्हणून त्या हसायच्या आणि लगेच काळजीनं त्याच्या घशाकडं बघायच्या.

रजा संपायच्या आधीच एक दिवस अनुजा ऑफिसात गेली. लपवाछपवी तिला जमणारी नव्हती. लिहिलेली सगळी पानं तिनं अमरसिंहांना दाखवली.

“मी नको म्हणालो होतो,” सरांचा आवाज चढला. “आणि हे तुला सांगितलं कुणी?” पण पान वाचता वाचता त्यांना ते कळलंच. “भाऊसोकडं गेलीस?”

“सर, त्यांच्या घशातल्या गाठीचं ऑपरेशन झालंय. बोलता येत नाही त्यांना.”

अमरसिंह खुर्चीत मागं रेलले. “कसली गाठ?”

“साधी होती. रिपोर्ट चांगला आलाय.”

त्यांनी पानं बाजूला सारली. चष्मा काढून पुसत राहिले. अनुजा पानं आवरून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मळ्यात गाडी येऊन थांबली. अमरसिंह उतरले. सोप्याच्या पायरीशी येऊन उभे राहिले, आत येईनात. भाऊसो उठले. वर्षाराणींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, “भावजी, आत या की. पावण्यासारखं काय उभारलाय?”

अमरसिंह बसले. रस्ता किती खराब झालाय, ऊस बरा दिसतोय, असं इकडचं तिकडचं बोलले. मग थांबले. “तुला बोलता येत न्हाय म्हणून आलोय, असं समजू नको,” ते म्हणाले. पुन्हा थांबले. “न्हाय, खरं तर म्हणूनच आलोय. तू बोलाय लागलास की माझं डोकं फिरतंय आणि भलतंच तोंडातनं जातंय. त्या दिवशीबी तसंच गेलं. शब्दाचं जे बोललो ते बोलायला नको हुतं.”

भाऊसोंचे ओठ हलले. वर्षाराणींनी डोळे वटारले तसे ते मिटले. तेवढ्यात फोन वाजला. अनुजा कॉम्प्युटरपाशी होती. फोन अमरसिंहांच्या जवळ होता, त्यांनीच उचलला.

“हॅलो, अमरसिंह बोलतोय.”

“कोण अमरसिंह?” तानाबाईंचा आवाज सोपाभर घुमला.

“कंपनीचा मालक.”

“असंल. भाऊसोंकडनं जरा इचारून सांगा, कालची नोंद मागं कशी घ्याची?”

अमरसिंहांनी भाऊसोंकडं बघितलं. भाऊसोंनी अनुजाकडं बोट केलं. अनुजानं आपण लिहिलेलं त्याचं पान मोबाइलवर उघडून अमरसिंहांपुढं धरलं. मालक एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागले आणि आजऱ्यात तानाबाई एकेक बटण दाबू लागल्या. मधे एकदा चुकलं, मागं येऊन पुन्हा केलं. शेवटी “झालं बगा!” असा आवाज आला आणि फोन बंद झाला. भाऊसोंचे खांदे गदगद हलत होते. हसण्याचा आवाज मात्र नव्हता.

“येऊ दे हे पोर्टलवर,” अमरसिंह अनुजाला म्हणाले. “पण व्हर्जनच्या यादीत त्याच्यापुढं ‘बंद’ असं लिही.”

भाऊसोंनी मोबाइल उचलला आणि टाइप करून त्यांच्यापुढं धरला, ‘बंद न्हाय. चालू हाय.’

आता पुन्हा जुंपणार, असं वाटून अनुजा मधे पडली. “‘जुनं, अजून वापरात’ असं लिहू?”

दोघांनी क्षणभर विचार केला. दोघांनीही माना डोलावल्या.

महिन्याभरात पोर्टल सगळ्यांसाठी सुरू झालं. भाऊसोंचा आवाज परत आला. आधीपेक्षा बारीक झाला होता, पण स्वच्छ. कंपनीत परत या, असं अमरसिंहांनी त्यांना सांगून बघितलं. “म्हशी कोण बघणार?” म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेलं. पण आता दर पंधरवड्याला अमरसिंह मळ्यावर जाऊन येत. दोघं कशावरून तरी भांडत आणि जेवूनच उठत.

एका दुपारी अनुजाला भाऊसोंचा फोन आला.

“पोरी, तुझं पोर्टल बंद पडलंय का बघ जरा. सकाळपास्नं मला कुणाचाच फोन न्हाय.”

अनुजानं बघितलं. “चालू आहे काका. आजऱ्यातनं बरेच जण येऊन वाचून गेलेत आज.”

“बरं झालं की मग,” भाऊसो म्हणाले. पण फोन ठेवेनात. पोर्टलमुळं त्यांना आता कुणाचे फोन येत नव्हते आणि गावाबाहेरच्या त्या घरी बोलायला फारसं कुणी नव्हतं, हे अनुजाच्या मनात आलं. टेबलावर चहा निवत होता. तिनं खुर्ची खिडकीकडं वळवली.

“काका, तुमच्या धाकट्या म्हशीला काय झालं ओ? काकू म्हणत होत्या, आज-उद्या व्यायला आलीय?”

“झालं की! काल सकाळीच!” भाऊसो एकदम खुलले. “रेडी झालीया. ऐक, सगळं सांगतो तुला.”