आईच्या नावाची चौकट

“काका, आधी हात पुसा. घामाचं बोट लागलं की कागदाचा तुकडा बोटाबरोबर येतो,” रेकॉर्ड रूम सांभाळणारा लखन म्हणाला आणि त्यानं लाल फडक्यात बांधलेलं बाड टेबलावर ठेवलं.

समाधान पगारेनं रुमालानं दोन्ही हात कोपरापर्यंत पुसून काढले. कपाळावरही घाम होता, पण तो काही उकाड्याचा नव्हता. तालुक्याच्या कचेरीतल्या या रेकॉर्ड रूममध्ये तो चौथ्यांदा आला होता. तीन खेपांना हात हलवत परत गेला होता, कधी वर्ष चुकलं म्हणून, कधी गाव चुकलं म्हणून. आज मात्र बाडावर स्वच्छ लिहिलं होतं: जन्म-मृत्यू, मौजे बोरदरे, सन १९४४. बोरदरे हे त्याच्या आईचं, ठमाबाईचं माहेर.

समाधाननं आयुष्यभर विजेचे मीटर वाचले. नाशिक शहरातल्या जिन्याखालच्या अंधारात बॅटरी मारून, कोळिष्टकं बाजूला सारून आकडा टिपायचा आणि पुढच्या दाराची बेल वाजवायची, हेच त्याचं बत्तीस वर्षांचं काम. त्यामुळे पिवळ्या पडलेल्या कागदाला तो भीत नव्हता. अडचण मोडीची होती. जुन्या नोंदी सगळ्या मोडीत, आणि मोडी वाचून देणाऱ्या गुरुजींच्या दारात दाखल्यांसाठी ही रांग. शेवटी या पठ्ठ्यानं वाचनालयातला पंधरा दिवसांचा मोडीचा वर्गच लावला. त्याची बायको अंजली शेजारणींना सांगायची, लोक निवृत्त झाले की गुडघ्याचं तेल आणतात, आमच्याकडे पाटी-पेन्सिल आली.

हे सगळं सुरू झालं ते ठमाबाईच्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे. दवाखान्यात योजनेचा फॉर्म मोबाइलवर भरायचा होता आणि तो भरत होती समाधानची मुलगी तेजल. त्यात एक चौकट आली, रुग्णाच्या आईचं नाव. तेजलनं आजीला विचारलं. आजी म्हणाली, ठाऊक नाय. चौकट रिकामी ठेवली तर फॉर्म पुढे सरकेना, मागे माणसं खोळंबलेली. तेजलनं आपल्या मनानं ‘लक्ष्मी’ टाकून दिलं आणि मोकळी झाली. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, डोळा लख्ख झाला. घरी येताना रिक्षात ठमाबाई इतकंच म्हणाली, “पोरी, माझ्या आईचं बारसं तू करून आलीस.”

ती हसत म्हणाली होती. पण समाधानला रात्रभर झोप लागली नाही. आईला आपल्या आईचं नाव माहीत नाही, ही गोष्ट एकोणसाठ वर्षांत त्याच्या कानावर आली नव्हती. आणि येणार तरी कशी? ती बाई बाळंतपणात गेली. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नाही, ही तेव्हाची रीत, त्यामुळे ठमाबाईच्या बापाच्या, कोंडाजीच्या तोंडून ते कधी निघालंच नाही. कोंडाजीची बहीण आक्काबाई, जिनं ठमाबाईला वाढवलं, तिची ती वयनी. गावाची ती कोंडाजीची बायको. ठमाबाई सहा-सात वर्षांची असताना कोंडाजीही गेला. तिनं एकदाच आत्याला आईचं नाव विचारलं होतं. कामानं वैतागलेली आक्काबाई म्हणाली, “नाव कशाला पाह्यजे? तू जल्मली आन ती मेली. आईला गिळून आलेली तू.” त्यानंतर ठमाबाईनं कधी, कुणालाच विचारलं नाही.

समाधाननं मनाशी ठरवलं होतं, आई डोळ्यांसमोर आहे तोवर ते नाव शोधायचं. तिला एक्क्याऐंशी चालू होतं.

आधार कार्डावर तिचा जन्म एक जूनचा होता. समाधाननं आधी तीच तारीख धरून पानं उलटली, म्हणजे ज्याला बत्तीस वर्षांचा वाचनाचा अनुभव, त्यानं सगळ्यात मोठा चुकीचा आकडा खरा मानला. एक जून! ज्याची तारीख ठाऊक नाही अशा निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्या दिवशी असतो. ठमाबाईला कळलं तेव्हा ती म्हणाली, ती तारीख कार्डावाल्यानं ठोकून दिली. आत्या सांगायची, सिंहस्थाचं साल, आन पोळ्याचा दुसरा दिस. हे तिनं तिसरी खेप वाया गेल्यावर सांगितलं, कारण तोवर तिला कोणी विचारलंच नव्हतं.

समाधाननं जुन्या पंचांगात पाहून ठेवलं होतं. त्या सालचा पोळा अठरा ऑगस्टला होता. त्यानं भिंग काढलं आणि ऑगस्टचं पान लावलं.

मोडीत लिहिणारा हात उचलत नाही. ओळभर शब्द एकमेकांचे हात धरून चालतात, कुठला कुठं संपला ते ओळखावं लागतं. पण एक नाव समाधानला लगेच ओळखू येऊ लागलं, कारण ते प्रत्येक ओळीच्या शेवटी होतं. वर्दी देणार: कोंडाजी. गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं की ज्या महार घराकडे येसकरकीची, म्हणजे गावकामाची पाळी, त्यानं चावडीवर जाऊन वर्दी द्यायची आणि कुलकर्ण्यानं लिहून घ्यायची. त्या साली पाळी त्याच्या आजोबाची होती. ज्या माणसाचा एक फोटो नाही, त्याचं नाव पानापानावर. साऱ्या गावाचं जगणं-मरणं त्यानं अनवाणी पायांनी चावडीवर पोचवलं होतं. समाधानला अभिमान वाटला.

“लखन, हे बघ,” तो एकदम म्हणाला. “एकोणीस ऑगस्ट. मुलगी. बाप कोंडाजी. ही माझी आई आहे.”

लखन खुर्चीवरून उठून आला. रोज दाखले शोधणाऱ्यांचे चेहरे पाहून त्याला सगळे सारखे दिसू लागले होते, पण एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला असं नुकतंच जन्मलेलं पाहून तोही वाकला. मग त्यानं विचारलं, आजीच्या आईचं नाव कुठंय? समाधाननं रकाने मोजले. बापाचं नाव होतं, जात होती, मुलगा की मुलगी ते होतं. आईच्या नावाचा रकानाच नव्हता.

समाधाननं रकाने पुन्हा मोजले. चार खेपा, पंधरा दिवसांची पाटी-पेन्सिल, आणि शेवटी मोबाइलातली तीच चौकट, फक्त इथं ती आखलेलीसुद्धा नव्हती.

“काका,” लखन हळूच म्हणाला, “मयताच्या नोंदी मागल्या बाजूला असतात. मेलेल्या माणसाचं नाव तर लिहावंच लागतं ना.”

समाधाननं बाड उलटं केलं. पान लखननं धरलं. ताप, हगवण, ताप, म्हातारपण. सर्पदंश. आणि महिन्याच्या शेवटाला एक ओळ: सारजा भ्रतार कोंडाजी, वय एकोणीस, बाळंतरोग. वर्दी देणार: कोंडाजी.

त्यानं ते तीनदा वाचलं. मग भिंग खाली ठेवलं, कारण समाधानला समोरचं दिसेनासं झालं होतं. कुलकर्ण्यानं विचारलं असणार, मयताचं नाव काय? आणि ज्यानं घरात तिला कधी नावानं हाक मारली नाही, त्या कोंडाजीला ते चावडीपुढे उभं राहून सांगावं लागलं असणार.

नक्कल हातात पडेपर्यंत चार वाजले. समाधाननं घरी फोन केला नाही. ही बातमी फोनवर द्यायची नव्हती. कोंडाजीचा नातू होता तो, वर्दी स्वतः जाऊन देणार होता. बसमध्ये त्यानं शेजारच्या अनोळखी माणसाला सगळं सांगितलं, तो माणूस मध्येच उतरून गेला तर कंडक्टरला सांगितलं. पुढच्या सिंहस्थासाठी नाशिकचे रस्ते उकरून ठेवलेले, बस अडकली. हा आधीच उतरला आणि इंदिरानगरपर्यंत पिशवी छातीशी धरून जवळजवळ पळत आला. तेजलनं दार उघडलं तर हा माणूस बूट न काढताच आत.

ठमाबाई बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून मेथी निवडत होती. समाधान तिच्यासमोर खाली बसला.

“आई, नाव सापडलं. सारजा. तुझ्या आईचं नाव सारजा होतं.”

ठमाबाईचे हात थांबले. तिनं काडी परातीत ठेवली. तेजल तिच्याजवळ येऊन बसली, तिलाही रडू येत होतं. गेली तेव्हा सारजा तेजलपेक्षा वर्षानं लहान होती. समाधान म्हणाला, आई, एकदा घे ना ते नाव, तुझ्या तोंडून ऐकू दे.

“आईला कोणी नावानं बोलवतं का?” ठमाबाई म्हणाली. “तुम्ही घ्या. मला समजलं, तेवढं लय झालं.” मग तिनं विचारलं, “आणखी काय लिवलंय त्यात? समदं वाच.”

समाधाननं नक्कल उलगडली. नावाच्या आनंदात बाकीच्याकडे त्यानं नीट पाहिलंही नव्हतं. त्यानं वाचलं: जन्म, एकोणीस ऑगस्ट, मुलगी. मग दुसरा कागद: मयत, तीस ऑगस्ट.

“परत सांग,” ठमाबाई म्हणाली.

त्यानं दोन्ही तारखा परत सांगितल्या. ठमाबाईनं अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला आणि ओठ हलवत मोजायला लागली. एका हाताची पेरं संपायच्या आत थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजली.

“अकरा दिस,” ती म्हणाली. “आत्या म्हनायची, तू जल्मली आन ती मेली. अकरा दिस होती की ती.”

तेजलनं तिचा हात धरला. ठमाबाई ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं त्या कागदाकडे बघत राहिली, वाचता येत नव्हतं तरी.

“म्हंजी पाजलं असंल तिनं मला,” ती म्हणाली.

आणि पदराच्या टोकानं तिनं ओठ पुसले, जेवून उठल्यावर पुसतात तसे.