रुंद काठाची टोपी

घाणीची किळस येणं तिने कधीच सोडून दिलं होतं. इस्पितळाच्या धुलाईघरात नोकरी करणाऱ्या बाईला ते चोचले परवडत नाहीत. रक्ताने कडक झालेल्या चादरी, पू लागलेले अभ्रे आणि जेवताना ज्याचं नाव काढू नये असं बरंच काही ती हातमोजे चढवून वेगळं करायची, आणि दुपारी तिथेच मागच्या खोलीत बसून निवांत डबा खायची. नवरा म्हणायचा, तुझ्या नाकाला कुलूप आहे.

टोपी घ्यायची होती ती सासऱ्यांसाठी. म्हाताऱ्याने उभं आयुष्य रस्त्यांच्या मोजणीत उन्हात काढलेलं. त्याचं बक्षीस म्हणून टकलावर एक खपली आली, ती बरी होईना, आणि शेवटी डॉक्टरांनी ती कापून काढून तिथे मांडीची कातडी लावली. जखम भरली, पण ती जागा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळच राहिली. डॉक्टरांनी बजावलं होतं की हिंडा, फिरा, डोंगर चढा, पण उघड्या डोक्याने उन्हात पाऊल टाकायचं नाही. म्हाताऱ्याने त्यातलं ‘डोंगर चढा’ एवढंच नेमकं ऐकलं. दोन्ही मुलांना घेऊन गावाबाहेरचा डोंगर एकदा चढायचा, असा त्याने ध्यासच घेतला. धाकट्याला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, कामावरून सुटी मिळेना, म्हणून त्याच्या वाटणीची ती निघाली.

दुकानात दोघांनी मिळून टोप्या बघितल्या. तिथल्या टोप्या गावभरच्या डोक्यांवर चढून उतरलेल्या. एकीच्या आतल्या पट्टीला तेल, दुसरीला कुणाचा तरी करडा केस, तिसरीला घामाचा पिवळा नकाशा. सासऱ्यांनी एक टोपी नाकाशी नेली आणि लगेच खाली ठेवली. म्हणाले, “हा माणूस कांदा खाऊन आला होता, सूनबाई.” दोघंही हसली. ती प्रत्येक टोपी दिव्यासमोर धरून बघत होती. जिच्यातून उजेड दिसतो तिच्यातून ऊनही येणार, हे कापड ओळखणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. जाळीदार टोप्या तिने तिथेच बाद केल्या. पुढून टोक आणि मागे मान उघडी, त्याही बाद. शेवटी एक सापडली. घट्ट विणीची, कानांवर आणि मानेवर सावली पडेल एवढ्या रुंद काठाची, काठाची खालची बाजू गडद, म्हणजे खडकावरून येणारी तिरीप डोळ्यांत जाणार नाही. वाऱ्याने उडू नये म्हणून हनुवटीखाली दोरी. तिने तसलीच कोरी करकरीत दुकानाच्या आतून मागवून घेतली. सासरे आरशात बघून म्हणाले की आता आपण एखाद्या सिनेमातले घोडेवाले दिसतो. घरी येईपर्यंत त्यांनी ती काढली नाही.

थोरल्या दिराचं प्रकरण निराळं. डोंगर चढताना बूट कुठले, पिशवी कुठली, टोपी कुठली यावर तो व्हिडिओ करायचा. ऐकणारेही बरेच होते. टोपी निवडताना काय बघावं हे तो इतकं गोड सांगायचा की ऐकणाऱ्याला स्वतःच्या डोक्याची काळजी वाटू लागावी. कंपन्या त्याला फुकट वस्तू पाठवायच्या आणि तो त्यांची आरती ओवाळायचा. सासरे कौतुकाने म्हणायचे, “आमचा थोरला लोकांना टोप्या घालतो.” त्यातला दुसरा अर्थ त्यांना कळत होता की नाही, हे तिला कधी उमगलं नव्हतं.

ठरल्या दिवशी तिघं निघाली. चढण अंगावर येणारी नव्हती, पण वर झाड म्हणून नव्हतं. अर्ध्या वाटेवर पाण्याचा झरा लागतो, तिथे बाटल्या भरायला ती खाली उतरली. तुम्ही इथेच या खडकाच्या सावलीला बसा, असं दोघांना सांगून गेली. झरा आटून त्याची नुसती धार राहिली होती. बाटल्या भरायला वेळ लागला. वर येऊन बघते तर खडकाखाली कुणी नाही.

दोघं सापडले ते वरच्या उघड्या माळावर. सासरे एका दगडावर बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर भडक निळी, जाळीची, पुढे एवढंसं टोक असलेली टोपी होती. चेहरा विटेसारखा लाल. कान त्याहून लाल. पायांशी ओकलेलं पडलं होतं, आणि त्यावर माश्या जमू लागल्या होत्या. दीर चार पावलांवर पाठमोरा उभा राहून फोनमध्ये मघाचं चित्रण तपासत होता. त्याच्या डोक्यावर सासऱ्यांची टोपी होती.

तिने काही विचारायच्या आत त्याने सांगून टाकलं. कंपनीने ज्येष्ठांसाठी नवी टोपी पाठवली होती, ती म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर दिसणं जरुरीचं होतं, पाच मिनिटांचं काम होतं, पण बाबांचं बोलणं नीट येईना म्हणून पुन्हा पुन्हा घ्यावं लागलं. आणि त्याला स्वतःला ऊन लागत होतं, बाबांची टोपी तर मोकळीच होती.

“त्यांना उलटी झालीये, भाऊजी.”

“ऊन सोसत नाही आता त्यांना,” तो म्हणाला. “मी म्हणतच होतो, त्यांना आणू नये.”

तिने सासऱ्यांच्या डोक्यावरची जाळी काढली. डोक्याच्या मधोमध पातळ कातडीवर फोड धरला होता. ओढणी ओली करून तिने मानेला गुंडाळली, घोट घोट पाणी पाजलं. मग दिरापुढे हात केला. त्याने टोपी काढून दिली, अगदी सहज, उरलेला घास ताटात टाकावा तशी.

टोपी जड झाली होती. तिने ती उलटी केली. आतली पट्टी घामाने चिंब होती आणि त्या घामात त्याच्या केसांचा कलप उतरला होता. काळा, चिकट, कडांना जांभळट. त्याच्या कपाळावरूनही त्याचा एक ओघळ भुवईपर्यंत आला होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. कलपाचा, घामाचा आणि केसांना चोपडलेल्या सुगंधी तेलाचा वास एकदम वर आला. पू, रक्त पचवणारी बाई ती. तोंडाला पाणी सुटून ओकारी येते की काय असं तिला झालं. आजारी माणसाची घाण तिने हजारदा उचलली होती. ही घाण एका धडधाकट माणसाने बापाच्या डोक्यावरची सावली काढून घेऊन तीत कालवली होती.

ती पट्टी त्या फोडावर टेकवणं शक्यच नव्हतं. तिने स्वतःची टोपी सासऱ्यांना घातली. माळ तापला होता, तिच्याही डोक्यात घण पडत होते, आणि खाली म्हाताऱ्याला धरून न्यायचं तर आपण शुद्धीवर राहायला हवं, एवढं तिला कळत होतं. तिने डोळे मिटून ती ओली टोपी डोक्यावर चढवली. गार, बुळबुळीत पट्टी कपाळाला चिकटली. ती अख्खी उतरण ती तोंडाने श्वास घेत उतरली. दीर पुढे चालत होता. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तेव्हा त्याने थांबून हसून हात हलवला.

त्या फोडाची जखम झाली. पुन्हा मलमपट्टी, पुन्हा इस्पितळाच्या फेऱ्या. टोपी तिने सोड्यात उकळली, तरी डाग राहिलाच. डाग गेला असता तरी ती तिने ठेवली नसती. सासरे नको नको म्हणत असताना तिने ती फेकली आणि तशीच दुसरी आणली. कपाळ मात्र बरेच दिवस साबणाने घासत राहिली.

व्हिडिओ लवकरच आला. त्यात सासरे निळ्या टोपीत हसत होते आणि दीर सांगत होता की बाबांनी अख्खा डोंगर हीच टोपी घालून पार केला. तिने त्याला फोन करून तो काढून टाकायला सांगितलं. तो म्हणाला की बाबांना आवडलाय, त्यांनाच विचार.

तिने विचारलं. डोक्याला पट्टी बांधून सासरे खाटेवर बसले होते, फोन नाकाशी धरून.

“उलटी झालेली दाखवली नाही बघ त्याने,” ते म्हणाले. “बापाची लाज राखली पोराने.”

तिला त्या क्षणी म्हाताऱ्याचीही किळस आली, आणि किळस आली म्हणून स्वतःची. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो कूस बदलून म्हणाला, दादा पहिल्यापासून तसाच आहे. जणू तसं असणं म्हणजे डोळ्यांचा रंग असतो.

महिन्याने दीर जेवायला आला. बापाच्या पाठीवर थाप मारली, त्याच्याच ताटातला एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि दाराजवळच्या खुंटीवरची नवी टोपी बघून उठला. बघू, कुठली घेतली, म्हणत त्याने हात पुढे केला.

“हात लावू नका,” ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. पण घरात तसं बोलायची पद्धत नव्हती, त्यामुळे नवऱ्याचा घास हातातच राहिला. दीर हसला, काय झालं हिला, असं भावाला विचारू लागला. भाऊ ताटात बघत राहिला.

सासऱ्यांनी एकदा थोरल्याकडे बघितलं. त्याने कलप नुकताच लावलेला होता, कानाच्या पाळीला काळा ठिपका होता. मग ते सुनेला म्हणाले, “दे गं ती इकडे.”

तिने टोपी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोक्यावर ठेवली, हनुवटीखाली दोरी ओढून घट्ट केली आणि तसेच, घरातल्या सावलीत, ताटाकडे वळून जेवू लागले.