डोळा आणि निरांजन

जेट विमानाच्या शेपटातली धग हुडकत मागे जाणारं क्षेपणास्त्र करायचं म्हणून रत्नाकर बंगळूरच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं डोकं फोडत होता. त्या अस्त्राचा काचेचा डोळा टेबलावर बसवला होता आणि समोर विमान म्हणून विजेची शेगडी लालभडक तापत होती.

१९६४ सालच्या खंडेनवमीला सकाळीच कामगारांनी यंत्रांना झेंडू वाहिले. आप्पाजी मिस्त्री डोळ्याला ओवाळू लागले, तर तो शेगडी सोडून निरांजनाकडे वळला. तबक जाईल तिकडे डोळा फिरे. सगळ्यांनी हात जोडले.

“देव पावला!” म्हणत प्रयोगशाळेच्या बेळगावकडच्या साहेबांनी पेढे मागवले.

रत्नाकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “पावला, डोंबल! एवढी शेगडी सोडून हा वातीच्या मागे लागलाय!”

“स्वल्प दमानं घ्या हो. उद्या दिल्लीचे पाहुणे चाचणी बघायला आले की निरांजन लावायचं नाही, झालं,” साहेब पेढा चघळत म्हणाले.

रत्नाकरनं ताडकन खिडकी उघडली. ऊन आत आलं, तसा डोळा गर्रकन तिकडे वळला आणि तिथंच खिळला.

“आणि साहेब, सूर्य कोण विझवणार?”