दहात सहा वेळा पाणी

लोधीपुऱ्यातल्या नंदकुमारच्या सायबर कॅफेत त्या दुपारी सगळे लीलाच्या तोंडाकडे बघत होते आणि लीला भिंतीवरच्या घड्याळाकडे. तीन वाजून गेले होते. चारला लाइट जायची. बुऱ्हाणपूरला जिल्हा करून पाच-सहा वर्षं झाली होती, पण सरकारचा वक्तशीरपणा काय तो लाइट घालवण्यातच दिसायचा.

गोष्ट एका खेळाची होती. खेळ मूळचा विलायती. आपण एक पेशा निवडायचा, त्या पेशाचा माणूस व्हायचं आणि सोबत्यांबरोबर लढत मुलूख पालथा घालायचा. नंदकुमार आणि त्याच्या टोळीनं खेळाच्या आतल्या फाइली उघडून दोन वर्षांत तो पार आपलासा करून टाकला होता. विलायती किल्ल्याचा असीरगड झाला, जादूगार हाकलले गेले आणि पहिलवान, विणकर, नावाडी असे सात पेशे आले. जळगाव-खंडव्याची पोरं त्याची सीडी मागायची. नवी सीडी आज पाचच्या बसनं निघणार होती. तिच्यात लीलाचा आठवा पेशा, पाणाडी, जाणार की नाही, एवढंच ठरायचं होतं.

लीला बहादरपूरच्या लोटू पाणाड्याची मुलगी. तळहातावर नारळ आडवा ठेवून लोटूबाबा केळीच्या बागांतून अनवाणी चालायचे. नारळ हातावर उभा राहिला की शेतकरी तिथं बोर खोदायचा. लहानपणी ती त्यांच्या मागे मागे फिरायची आणि नारळ उठला की तिच्या अंगावर काटा यायचा. आता कॉलेजात गणित शिकणाऱ्या या पोरीनं आठ महिने खपून ती चाल खेळात उतरवली होती. तो पेशा गळला असता तर तिला रडू आलं असतं, आणि ते चारचौघांत आलं असतं म्हणून ती जास्त घाबरली होती.

नंदकुमारचे वडील आखाड्याचे उस्ताद. त्यामुळे नंदकुमारला पारख म्हटली की कुस्तीच आठवायची. नव्या पेशानं दहा लढती खेळायच्या. चार ते सहा जिंकला तर ठेवायचा, नाहीतर काढायचा. पाणाडी काल एकेकट्याच्या लढतींत उतरला आणि दहातली एकच जिंकला, तीही समोरच्याचा माउस अडकला म्हणून. लीला भांडली. पाणाडी काय कुस्ती खेळायला जातो? त्याला सोबत्यांत उतरवा. म्हणून आज सकाळी तिघांविरुद्ध तिघे अशा दहा लढती झाल्या. पाणाडी सांगेल तिथं पाणी लागायचं, जखमी सोबती ते पिऊन ताजे व्हायचे आणि समोरचे दमून मरायचे. पाणाड्याची बाजू दहाच्या दहा जिंकली.

"कालची मुंगी आज हत्ती झाली," नंदकुमार म्हणाला. "लीला, हे असं नई चालणार."

"मग काय करू, नंदूभाऊ?"

"पाणी काढून टाक त्याचं. एक लाठी दे हातात. बाकीच्यांसारखा होईल, बराबरीत येईल."

"मग आठ पेशे कायले पाहिजेत? एकच ठेवा अन् आठ रंगांचे सदरे घाला त्याले."

दोघंतिघं हसले. नंदकुमार हसला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचंही चूक नव्हतं. "मागच्या सीडीत नावाडी जरासा भारी झाला होता, आठवते का? महिन्याभरात सगळे नावाडीच झाले. विणकराले कोणी शिवलं नई. रंगत यावी म्हणून सात पेशे आणले, अन् उरला एक. मले पुन्हा तेच करायचं नई."

गणित तिलाही कळत होतं.

"अरे यार, जल्दी करो," शाहपूरचा सुकलाल घड्याळ बघत म्हणाला. कौतिक पाटलांचा हा मुलगा सकाळपासून लीलाच्याच बाजूनं खेळत होता. "सीडी लिहायले दहा मिनटं लागतात."

"लाठी, नईतर बाहेर," नंदकुमार म्हणाला. "बोल."

लीलाचा हात कीबोर्डवर गेला आणि तिथंच राहिला.

दाराजवळच्या बाकावर लोटूबाबा बसले होते. बाजारातून नारळ घेऊन ते पोरीला घरी न्यायला आले होते. आता ते उठून तिच्या खुर्चीमागे आले.

"तुह्या पाणाड्याले दहात किती खेप पाणी लागते?" त्यांनी विचारलं.

"दहाच्या दहा, बाबा."

"चुकत नई?"

"नई."

"मंग तो पाणाडी नई. खोटा हाये तो."

लीलानं मागे वळून पाहिलं. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते सुकलालकडे बघत होते.

"दहात चार कोरडे जातात," लोटूबाबा म्हणाले. "मी चाळीस सालांपासून नारळ धरतो. कोरडा गेला की मी म्हणतो, मशीनवाल्यानं दोन हात बाजूले खोदलं. तुह्या बापाचा बोर कोरडा गेला तवा बी मी हेच म्हणलो होतो, सुकलाल. त्यानं बराबर खोदलं होतं. माहा नारळ चुकला."

पाणाड्याची झाकली मूठ सव्वा लाखाची असते. ती बाबांनी गावोगावच्या पोरांसमोर उघडली होती, आणि रात्र व्हायच्या आत ही गोष्ट शाहपूरपर्यंत पोचणार होती. दोन हात बाजूला खोदल्याचं लीलानं लहानपणापासून ऐकलं होतं आणि देवाच्या नावासारखं खरं मानलं होतं. तिला बाबांचा राग आला, आणि लगेच त्यांचा हात धरावासा वाटला. तिनं त्यातलं काहीच दाखवलं नाही. तिनं फाइल उघडली, दहाचा आकडा खोडला आणि सहा लिहिला.

"नंदूभाऊ, दहा लढती," ती म्हणाली.

"वेळ हाये का?"

"एकेक तीन मिनटांची. होते."

पाणाडी पुन्हा उतरला. आता त्याचा नारळ कधी उठायचा, कधी नुसताच पडून राहायचा, आणि तेवढ्यात सोबती मार खायचे. पहिल्या तीन लढती गेल्या. मग दोन आल्या. पुन्हा तीन गेल्या. नववी आली. तीन जिंकलेल्या, सहा हरलेल्या. चौथी आली नाही तर पाणाडी बाहेर. पावणेचार वाजून गेले होते.

दहाव्या लढतीत लीलाचा एक सोबती लवकरच पडला. सुकलालचा पहिलवान अर्धमेला होऊन पडक्या भिंतीआड आला. लीलानं पाणाड्याला त्याच्याजवळ नेलं आणि नारळ धरला. नारळ हलला नाही. कोरडं.

"गेलं," मागून कोणीतरी म्हणालं.

सुकलालला पळता आलं असतं, आणि त्याच्या जागी कोणीही पळालं असतं. पण त्यानं आपला पहिलवान वळवून पाणाड्याच्या पुढ्यात उभा केला.

"दुसरीकडं बघ," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "मी थांबतो."

ती भिंतीच्या कडेनं दहा पावलं गेली. नारळ धरला. सुकलालच्या पहिलवानाचा जीव दाखवणारी लाल रेघ नखाएवढी उरली होती. नारळ सावकाश उठला आणि उभा राहिला.

लढत कशी संपली ते लीलाला नंतर नीटसं आठवलं नाही. नंदकुमार वहीत चारचा आकडा लिहून म्हणाला, "राहिला," आणि त्यानं लगेच सीडी मशीनमध्ये सरकवली. ती लिहून बाहेर आली आणि मिनिटभरात पंखा थांबत गेला. लाइट गेली.

लोटूबाबांनी पिशवी खांद्याला लावली होती.

"सुकलाल, तुहा बाप आज घरी हाये का?"

"हाये, बाबा. पण तुमी कायले... मी काई सांगत नई."

"तू नको सांगू. मीच सांगतो." ते पायऱ्या उतरले आणि खालून त्यांनी लीलाला हाक मारली. "चाल, पोरी. पहिले शाहपूरले जाऊ."