तिसरं पत्र

सोमवारी दुपारी बाबा खुर्चीत डोळे मिटून सांगत होते आणि मी टाइप करत होते. त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून विद्यार्थ्यांची शिफारसपत्रं माझ्याच हातून जायची. हे पत्र त्यांच्या शेवटच्या विद्यार्थ्यासाठी होतं, मी ज्याला मनात चष्मिस म्हणायचे त्याच्यासाठी. पीएचडीनंतरच्या संशोधनाची एक जागा निघाली होती. त्याच जागेसाठी मीही अर्ज केला होता. बाबांना सांगितलं नव्हतं.

"लिही. उपकरण बिघडलं की बाकीचे उपकरणाला दोष देतात. हा आधी स्वतःची चूक शोधतो. तीस वर्षांत असा विद्यार्थी मला मिळाला नाही."

माझी बोटं थांबली.

"काय गं, बॅटरी संपली?"

"जरा जास्तच होतंय, बाबा."

"मी कौतुकात कंजूष आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच त्याला वजन. पाठवून टाक."

"पाठवते," मी म्हणाले. पाठवलं नाही.

माझा प्रबंध त्यांनी आठवडाभर वाचला होता. संदर्भांतले स्वल्पविरामसुद्धा तपासले होते. मग म्हणाले होते, "ठीक आहे."

मंगळवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

चष्मिस रोज येत राहिला. आल्यागेल्यांना चहा दिला, खुर्च्या मांडल्या, उचलल्या. सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडला. मला तेवढंही जमेना, आणि त्याचाही हेवा वाटला.

"ताई, सरांनी ते पत्र..." एकदा त्याने विषय काढला. मग स्वतःच म्हणाला, "जाऊ दे. ही वेळ नाही."

शुक्रवारी बाबांच्या मेलवर संस्थेकडून आठवण करून देणारा निरोप आला. त्याची दोन पत्रं पोहोचली होती, तिसरं नव्हतं. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. तिसऱ्या पत्राशिवाय त्याचा अर्ज बाद होणार होता. आणि गेलेल्या माणसाला जाब कोण विचारणार?

मी पत्र उघडलं. सोमवारची तारीख तशीच होती. तीस वर्षांचं ते वाक्य खोडलं. पानाकडे पाहिलं, बरं वाटलं. थोडा वेळच. मग ते होतं तसं पुन्हा लिहिलं. बघावं लागलं नाही, पाठच झालं होतं. चार वाजून चाळीस मिनिटांनी पत्र पाठवलं.

मग त्यांच्या खुर्चीकडे वळले.

"बाबा, त्या जागेसाठी मीही अर्ज केलाय," मी मोठ्याने म्हणाले. "आणि तुमचं ते 'ठीक आहे' मला कधीच पुरलं नाही."