उसना स्ट्रायकर

राहात्याच्या नवजवान क्लबानं गेल्या मोसमात अकरा सामन्यांत चार गोल केले, आणि त्यातला एक तर समोरच्याच बॅकनं गडबडीत आपल्या जाळीत मारलेला. म्हणजे खरे तीन. तरीही दर रविवारी दुपारी गोलपोस्टामागच्या बांधावर पंधरा-वीस माणसं येऊन बसायची म्हणजे बसायचीच. असल्या संघापायी उन्हात कशाला तापता, असं कुणी विचारलं तर, मग घरी बसून काय करायचं, असं तीच उलट विचारायची.

झुंबरबाई या बांधावरची सगळ्यात जुनी, आणि बायकांत एकटीच. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला ती पेरू विकायची. तिचा नवरा क्लबाचा गोलकीपर होता. तो गेला त्याला नऊ वर्षं झाली, पण गोलपोस्टामागची जागा काही तिनं सोडली नाही. नवऱ्याला ती मागून सांगायची, डावीकडं सरका, पुढं या. आता तेच सगळं नव्या गोलकीपरला सांगायची. त्यानं ऐकलं नाही की एखादा कच्चा पेरू त्याच्या पाठीत बसायचा. बिचारा वळून बघायचाही नाही, गुमान डावीकडं सरकायचा.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी रामहरी सर बांधावर आले. सर हायस्कुलात पीटी शिकवायचे, आणि क्लबाचे कोच, सेक्रेटरी, मैदानावर चुन्याच्या रेघा ओढणारे, सगळं तेच एकटे.

"शेवगावच्या क्लबाकडनं एक पोरगा मिळतोय," सर म्हणाले. "करण नाव. एकोणीस वर्षांचा, स्ट्रायकर हाय. तीन महिने लोनवर देतायत."

"लोनवर म्हंजे?" झुंबरबाईनं विचारलं.

"उसना म्हना की, अक्का. मोसम संपला की परत द्यायचा."

"चांगलं पोरगं उसनं कोन देतं? काहीतरी खोट असंल."

खोट नव्हती. शेवगावच्या संघात त्याच्या जागेवर आधीच दोघं जण होते, आणि करण नुसता बाहेर बसून होता. मार्चात पुण्याला एका मोठ्या ॲकॅडमीची निवड होती. प्रत्येक क्लबानं एकच नाव पाठवायचं. शेवगावच्या कोचला करणचं पाठवायचं होतं, पण जो खेळलाच नाही त्याचं नाव पाठवणार कसं? म्हणून तीन महिने त्यानं राहात्यात खेळायचं, शेवटच्या सामन्याला कोच स्वतः येऊन बघणार, आणि मग काय ते ठरवणार. आई-बाप ऊसतोडीला सांगलीकडं गेलेले. पोराला फुटबॉलाशिवाय दुसरा आधार नव्हता.

"शेवगावकरांचं एकच म्हननं हाय," सर म्हणाले. "जसा देतोय तसा परत द्या."

"हे आमाला सांगायला लागतं व्हय?" झुंबरबाईला रागच आला. उसन्या वस्तूची रीत तिला कोण शिकवणार. उसना बैल आणला तर आपल्या बैलाआधी त्याच्यापुढं वैरण पडते. उसनं पातेलं परत करायचं तर ते रिकामं जात नाही, निदान चार पेरू तरी त्यात पडतात. ही रीत तिच्या सासूनं तिला घालून दिलेली, आणि आजवर तिनं ती मोडली नव्हती. "ऱ्हायला माझ्याकडं आना त्याला," ती म्हणाली, आणि तो विषय तिथंच मिटला.

करण आला तो एक पिशवी आणि बुटांचा जोड घेऊन. सरांनी फॉर्मवर वजन लिहिलं, एकसष्ट किलो. पोरगं काटक, अबोल, आणि झुंबरबाईला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायला लागलेलं. पहिल्याच सामन्यात त्यानं कोपरगावच्या संघावर दोन गोल केले. दुसरा तर असा की बांधावरच्या माणसांना टाळ्या वाजवायचं सुचलं नाही, ती एकमेकांच्या तोंडाकडंच बघत बसली. दोन गोल म्हणजे त्यांच्या अर्ध्या मोसमाचं पीक.

आणि तिथंच राहातेकरांचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सत्यशीलाबाईंनी डब्यात शिरा पाठवला. त्या शेजारच्याच, झुंबरबाईच्या सोबतीण. मग कुणी मटणाचं कालवण आणलं, कुणी डिंकाचे लाडू. मग भांडणं लागली, त्यांच्याकडं जेवला, आमच्याकडं का नाही? शेवटी झुंबरबाईनं घरांच्या पाळ्या लावून दिल्या, आणि घरी आल्यावर वर दूध-भाकरी तिची स्वतःची. कुणाला काही गैर वाटलं नाही. उसनं पोर आहे, त्याची आबाळ झाली तर शेवगावात राहात्याचं नाव काय राहील?

करण कशालाच नाही म्हणायचा नाही. पुढं येईल ते खाली मान घालून खायचा, आणि ताट इतकं लख्ख करायचा की बायका कौतुकानं आणखी वाढायच्या.

चौथ्या सामन्यात गोल नाही. पाचव्यात नाही. सहाव्यात तर चेंडू त्याच्यापुढून गेला आणि तो दोन पावलं पळून थांबला. बांधावर चर्चा सुरू झाली. नजर लागली म्हणून कुणी गोलपोस्टाला लिंबू-मिरची बांधली, ती रेफ्रीनं काढायला लावली. कुणी बुटांना नावं ठेवली. सत्यशीलाबाई घरी येऊन म्हणाल्या, पोराला घरची आठवण येत असंल, जरा मायेनं करा त्याचं. मग आणखी मायेनं वाढायला लागले.

शेवटी रामहरी सरांना शंका आली. ते त्याला पेरूच्या वखारीत घेऊन गेले. झुंबरबाई तिथं माल घ्यायला आलेलीच होती. पेरूची कॅरेटं उतरवून सरांनी करणला मोठ्या काट्यावर उभं केलं.

"अडुसष्ट," मापाडी म्हणाला.

"नीट बघ."

"नीटच बघतोय, सर. त्यातलं दीड किलो तर आमच्या घरचं असंल."

सगळे हसले. करणही हसला, पण त्याची मान खाली गेली. झुंबरबाईला मात्र हसू आलं नाही.

त्याच दिवशी शेवगावच्या कोचचा फोन आला. त्यांच्या कानावर गेलंच होतं. सरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "अक्का, शेवटच्या सामन्याला ते येनार. पोरगं असंच पळलं तर पुन्याला दुसऱ्याचं नाव जाईल. पाच आठवडे उरलेत."

झुंबरबाई त्या दिवशी पाटीमागं नुसतीच बसून राहिली. गिऱ्हाईकं आली आणि स्वतःच्या हातानं पेरू निवडून गेली. ती मनात एकच घोकत होती. विश्वासानं दिलेलं पोर, आणि आपण ते खाऊ घालून घालून जागेवर बसवलं. दुसऱ्या कुणाला बोल लावायचीही सोय नाही, पाळ्या तिनंच लावलेल्या.

संध्याकाळी ती घरोघर फिरली. "उद्यापासनं करणला कुनी काय देऊ नका." बायकांना ते लागलं. एक तर म्हणाली, "तुमच्या हातचं चालतं, आमचंच पोराला बाधतं व्हय?" झुंबरबाईनं ऐकून घेतलं. एरवी ती असल्या बोलण्याला तिथल्या तिथं उत्तर देती, पण आज तिची बाजू लंगडी होती.

दुसऱ्या दिवसापासून करणच्या ताटात दोन भाकरी, वाटीभर डाळ, दोन उकडलेली अंडी आणि एक पेरू. लाडवांचा डबा माळ्यावर गेला. सकाळी सर त्याला कालव्याच्या कडेनं पळवायला नेऊ लागले. सगळं शिस्तीत बसवलं, फक्त एक गोष्ट तिच्या हातून राहिली. साऱ्या राहात्याला सांगितलं, पण करणला काही सांगितलं नाही. तरणं पोर, तू जाड झालास असं तोंडावर कसं म्हणायचं, म्हणून ती गप्प राहिली.

ऊसतोड्याच्या पोरापुढं मोजकं ताट ठेवणं सोपं नव्हतं. वाढून झालं की ती पाठ फिरवून चुलीशी काहीतरी करत बसायची. आपणच याच्या तोंडचा घास काढतोय असं तिला वाटायचं, आणि तिचंही ताट अर्धंच राहायचं.

चौथ्या दिवशी करणनं स्वतःचं ताट धुऊन पालथं घातलं आणि दारात उभा राहिला.

"मावशी, मी शेवगावला परत जाऊ का?"

"का रं?"

"गोल होईना म्हनून ताट कमी झालं. ते बराबर हाय, माझं कायच म्हननं न्हाई. पन बसून खायला लाज वाटायली मला."

झुंबरबाईनं हातातली परात खाली ठेवली. तीन दिवस हे पोर असं समजून तिच्या घरात जेवत होतं. तिला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं.

तिनं त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. काटा, फोन, पुण्याचं नाव, घरोघर फिरणं. करण ऐकत राहिला, आणि मग त्याला हसूच फुटलं.

"मला तर भूकच नसायची, मावशी. त्या शिऱ्यानं पळताना पोटात दुखायचं."

"मग बोलला का न्हाईस, मुडद्या?"

"उसाच्या फडावर कुनी वाढलं तर न्हाई म्हनायचं नसतं, आईनं शिकवलंय. आन मागायचं बी नसतं. तुमी सगळी इतक्या मायेनं वाढायचा, न्हाई कसं म्हनू?"

झुंबरबाई रडली. लपवलं नाही, पदर तोंडाला लावला आणि मोकळी रडली. मग नाक पुसून म्हणाली, "आजपासून ध्यानात ठेव. भूक नसंल तर न्हाई म्हनायचं, आन असंल तर मागायचं. माझ्या घरात दोन्ही चालतं."

करणनं मान डोलावली. पण मान डोलावणं वेगळं आणि सवय मोडणं वेगळं. त्यानंतर तो हसून बोलायला लागला, गोलकीपरची नक्कल करायला लागला, पण ताटात पडेल तेवढंच खाऊन उठायचा. नाही म्हणाला नाही, आणि मागितलंही नाही. झुंबरबाई रोज वाट बघायची.

दर बाजाराच्या दिवशी मापाडी त्याला काट्यावर घ्यायचा आणि आकडा ओरडून सांगायचा. सहासष्ट. चौसष्ट. त्रेसष्ट. वखारीतले हमालही थांबून ऐकायचे.

शेवटचा सामना श्रीरामपूरच्या संघाशी होता. जिंकलं तरच नवजवान क्लब वरच्या गटात राहणार, बरोबरी झाली तरी खाली जाणार. शेवगावचे कोच आले आणि नेमके झुंबरबाईच्या शेजारी बांधावर बसले. तिनं पेरू पुढं केला, त्यांनी घेतला, पण खाल्ला नाही, हातातच धरून बसले.

करण पळत होता. पहिल्या सामन्यासारखा, किंबहुना त्याहून हलका. एकदा चेंडू खांबाला लागून बाहेर गेला, एकदा कीपरनं झेप घेऊन अडवला. गोल कुणाचाच नाही, आणि वेळ सरत चालली. सात मिनिटं उरली असताना त्यानं उजवीकडून चेंडू घेतला, दोघांना मागं टाकलं आणि गोलपुढं आला. बांधावरचे सगळे उठून उभे राहिले. पुण्याचं नाव, राहात्याची इज्जत, सगळं त्या एका फटक्यात होतं.

"मार," झुंबरबाई ओरडली.

त्यानं मारला नाही. डावीकडं सरकवला. तिथं गोरक्ष मोकळा उभा होता. गोरक्ष म्हणजे राहात्याचाच, ट्रॅक्टर चालवणारा, दोन मोसमांत ज्याच्या पायाला गोल लागला नव्हता. त्यानं डोळे मिटून पाय फिरवला असावा, पण चेंडू जाळीत गेला. त्या एका गोलावरच क्लब वरच्या गटात राहिला.

बांधावर काय झालं ते सांगत बसत नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच बांधावर आलेल्या सत्यशीलाबाईंची चप्पल दुसऱ्या दिवशी सापडली, एवढं पुरे. झुंबरबाई मात्र उभ्याची बसली आणि तिनं कोचकडं बघितलं. गोल करणचा नव्हता, आणि हे आले होते करणचा गोल बघायला.

कोचनी हातातल्या पेरूचा पहिला घास घेतला. "आमच्याकडं असता तर मारला असता ह्यानं," ते म्हणाले. "आन अडवला गेला असता. आता मोकळा मानूस बघतोय. नाव ह्याचंच जाईल."

परत जायच्या दिवशी सकाळी रामहरी सर मोटारसायकल घेऊन दारात आले, करणला स्टँडवर सोडायला. आदल्या दिवशी काट्यानं बरोब्बर एकसष्ट दाखवलं होतं, म्हणजे कागदाप्रमाणं हिशेब पुरा झाला होता. झुंबरबाईनं पिशवीत पेरू भरले होते, लाडवांचा डबा माळ्यावरून काढून वर ठेवला होता. तरी तिचं मन भरत नव्हतं. रिकामं पाठवायचं नाही हे खरं, पण पोराच्या हातात नेमकं काय द्यायचं ते काही तिला सुचेना.

सवयीनं तिनं ताट वाढलं, दोन भाकरी, डाळ. करण जेवला. तिनं ताट उचलायला हात पुढं केला, तर त्यानं ते धरून ठेवलं.

"मावशी, अजून एक वाढा. भूक हाय."

झुंबरबाईनं विझत आलेली चूल पुन्हा पेटवली आणि पीठ मळायला घेतलं.

बाहेरून सरांनी हॉर्न दिला. "अक्का, एसटी चुकंल हं."

"चुकू द्या," ती आतून म्हणाली. "पोरगं जेवतंय. दुसरी एसटी हाय दुपारी."

आणि तिनं भाकरी थापायला सुरुवात केली.